डाव्या पंखाचा बाक

४ मार्च, सोमवार

मॉडेलच्या खोक्यावरचं चित्र फाडून शेगडीत टाकलं. चित्रात महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बफेकी विमान सोनेरी ढगांतून येत होतं, अंगावर एक ओरखडा नाही, जणू सहलीहून परत निघालंय. लबाडी अशी झाकणापासूनच सुरू होते. ती विमानं काळोखात गेली, काजळीनं माखून आली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी आलीच नाहीत. ज्यांना युद्ध चकचकीत हवं असतं त्यांनी चिनीमातीची कुत्री जमवावीत.

हे मॉडेल स्पर्धेसाठी नाही. स्केल्डबीच्या जुन्या धावपट्टीवर आता टर्की पक्ष्यांच्या शेडी आहेत. तिथून उडालेल्या एका विमानाचं हे रूप गावच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. त्या विमानात शेपटीकडच्या मशीनगनवर बसणारा लेन डाउझ आमच्याच गावचा, पाववाल्याचा मुलगा. विमान समुद्रात कुठंतरी पडलं. आतल्या सात जणांपैकी कुणाचंही काही हाती लागलं नाही. लेनची धाकटी बहीण विनिफ्रेड आता ऐंशी ओलांडून गेलीय, चर्चच्या मागं एकटी राहते. नाताळात ती मला म्हणाली, “मिस्टर लेगॉट, थडगं नाही म्हणून मी कधी रडले नाही. पण तो कशात बसून गेला, ते मला एकदा बघायचंय.”

जूनमधल्या चौथ्या रविवारी कपाट उघडायचं. भाषण माझं. मी तिला शब्द दिलाय, एकही रेष खोटी नसेल.

९ मार्च, शनिवार

चॅपलमागच्या खोलीत मॉडेलवाल्यांच्या क्लबची बैठक. डोकी मोजकी उरलीत, आणि त्यांतली केसवाली त्याहून मोजकी. मी आमच्या विमानाचा एकमेव फोटो मांडला. क्लिफर्ड ओडलिंगनं नेहमीप्रमाणे फाटा फोडला. ओडलिंग निवृत्त दातांचा डॉक्टर, माझा जुना मित्र आणि त्याहून जुना विरोधक.

“मास्तर, शेपटीच्या कुपीला, लेन बसायचा तिला, समोरची काच आहे. फोटोत चमकतेय.”

“ती चौकटीच्या कडेची चमक आहे. काच काढून टाकलेली आहे.”

“कीड कुठली आणि चमक कुठली, हे ओळखून मी आयुष्यभर पोट भरलं.”

“आणि अर्ध्या गावाचे चांगले दात उपटून.”

सगळे हसले. मग मी उभा राहिलो. मी उभा राहिलो की खोली गप्प होते, हा चाळीस वर्षं इतिहास शिकवल्याचा आणि चॅपलमध्ये प्रवचनं दिल्याचा प्रसाद. मी म्हणालो, त्या काचेवर माशीएवढा डाग पडला तरी रात्री तो चालून येणारं शत्रूचं विमान वाटायचा. पोरं फसायची. नाही तर खऱ्या विमानाला डाग समजून मरायची. म्हणून ती काच कापून टाकायची, आणि हाडं गोठवणारा वारा तोंडावर घ्यायची. पापण्यांवर बर्फ चालेल, नजरेत खोट चालणार नाही. त्या पोरांना जे कळत होतं ते आपल्याला कळू नये?

“तुझ्याशी वाद म्हणजे अक्कलदाढ,” ओडलिंग म्हणाला. “रक्त येतं आणि शेवटी तूच जिंकतोस. काढ बाबा काच.”

२१ मार्च, गुरुवार

डाव्या पंखाचा सुटा भाग वाकडा निघाला.

मी उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बघतो. डावा डोळा लहानपणापासून आयतोबा, नुसता शेजारी बसून खातो. पंखाची पुढची कड पहिल्या इंजिनापर्यंत सरळ जाते आणि मग अंगठ्यानं दाबल्यासारखी खाली खचते. असलं प्लास्टिक लोकांच्या गळ्यात मारणाऱ्या कंपनीला चार जळजळीत परिच्छेद लिहिले. ज्या देशानं अशी हजारो विमानं बॉम्ब पडत असताना बांधली, त्या देशात आज त्यांच्या खेळण्याचा पंख सरळ ओतता येत नाही.

गरम पाण्यात धरून पंख वाकवला. बोटं पोळली. सरळ झाला. जेवण करून येऊन बघतो तर पुन्हा बाक. प्लास्टिकला आठवण असते, असं आम्ही म्हणतो. कितीही वाकवा, ते मूळ आकाराकडे सरकतं. आता थोडा जास्तच वाकवून ठेवलाय, म्हणजे परत येऊन बरोबर सरळ बसेल.

२४ मार्च, रविवार

ओडलिंग चहाला आला. त्यानं पंख हातात घेऊन बराच वेळ फिरवला.

“मास्तर, याला काय केलंस?”

“सरळ केला.”

“पट्टी लावून बघितलीस?”

त्यानं खिशातून स्टीलची पट्टी काढून दिली. मी ती कडेला लावली, भिंगातून बघितलं आणि मला हसू आलं.

“तुझी पट्टीच वाकडी आहे, दातकाढ्या. कुठल्या बाजारातून उचललीस?”

ओडलिंगनं पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरली. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पट्टीकडे. एरवी यावर त्याला चार विनोद सुचले असते.

“असेल,” तो म्हणाला. बायकोनं, हेस्टरनं, त्याच्यासाठी मनुकांचा पाव आणि चीज कापून ठेवलं होतं. त्याला शिवलाही नाही. जाताना स्वयंपाकघरात तिच्याशी काही तरी कुजबुजला. माणसं म्हातारी झाली की गुपितं करायला लागतात.

२ एप्रिल, मंगळवार

भिंगावर करडा डाग पडलाय, बरोबर मध्यभागी. कशानंही निघत नाही. नवं मागवलं, त्यावरही तसाच. आजकाल काच कुठं बनवतात देव जाणे. दिवा बदलला. मोठा लावला. हेस्टर म्हणते खोलीत शस्त्रक्रिया चालल्यासारखं वाटतं.

तिला हल्ली नवी सवय लागलीय. सकाळी वर्तमानपत्र ती मोठ्यानं वाचते, अगदी मृत्युवार्तांसकट. मी म्हटलं, मी बहिरा नाही आणि निरक्षरही नाही. म्हणाली, मला माझाच आवाज ऐकायला आवडतो, तुला एकट्यालाच तो छंद असावा असं कुठं लिहिलंय? गाडीही तीच चालवते. पाय आखडतात म्हणे बसून. मी खिडकीतून बीटाची शेतं बघत बसतो. विजेचे खांब नीट रोवलेले नाहीत.

१२ एप्रिल, शुक्रवार

मिस डाउझ आली होती. धड जोडून झालंय, काळा रंग बसलाय, पंख अजून वेगळे. तिनं हात मागं बांधून बघितलं, चर्चमध्ये बघावं तसं.

“आइस्क्रीम कुठाय?” तिनं विचारलं.

मला बरं वाटलं. विमानाच्या नाकाशी प्रत्येक फेरीसाठी एक छोटा पिवळा बॉम्ब रंगवत. इटलीवर गेले की बॉम्बऐवजी आइस्क्रीमचा कोन. आमच्या फोटोत तो तिसऱ्या ओळीत आहे. मी सांगितलं, तेवढाच राहिलाय, सगळे हातानं काढणार आहे.

“लेननं घरी सांगितलं होतं त्याच्याबद्दल. आई हसली नाही. म्हणाली, ज्याच्या अंगावर पडला त्याला विचार कसलं आइस्क्रीम ते.”

“तुमच्या आईला मी चॅपलमध्ये बोलवायला हवं होतं,” मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो. त्या प्रत्येक पिवळ्या ठिपक्याखाली एक शहर आहे, त्यात लेनसारख्याच पोरांच्या आया. म्हणूनच एकही ठिपका कमी नको आणि एकही जास्त नको. जे झालं ते झालं तेवढंच दाखवायचं.

मी चहा ओतला. कप टेबलावर जरा सरकलेला असणार, अर्धा चहा बशीबाहेर गेला.

“द्या इकडे, मी ओतते,” ती म्हणाली. “आमच्या घरात लेनही असाच सांडायचा.”

आम्ही तिघं हसलो. हेस्टर जरा उशिरा हसली.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

प्रवचनाच्या मधोमध वचन सापडेना. नव्या बायबलची छपाई भिकार आहे, ओळी एकमेकींत शिरतात. पुस्तक मिटून पाठ म्हटलं. “त्यांना डोळे आहेत, पण ते पाहत नाहीत,” यावर बोललो. बोललो ते चांगलं बोललो, लोक हेलावले. हेस्टर पहिल्या बाकावर रडली. इतक्या वर्षांत माझ्या प्रवचनाला ती पहिल्यांदा रडली.

२७ एप्रिल, शनिवार

ओडलिंगशी संपलं.

मी बॉम्ब रंगवत होतो. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, जुन्या धंद्याची खोड.

“मास्तर, ते मी काढू का? तू सांग, मी ब्रश धरतो.”

“का? माझे हात थरथरतात?”

“नाही. हात नाही थरथरत.”

“मग?”

मी विचारलं, तुला कपाटावर तुझं नाव हवंय का? स्पष्ट सांग. तो म्हणाला, ओळ खाली चाललीय. मी म्हणालो, ओळ सरळ आहे. तो म्हणाला, दोन बॉम्ब एकावर एक आलेत आणि एक खिडकीवर गेलाय. मी म्हणालो, असूया माणसाला काय काय दाखवते बघ.

मग तो म्हणाला, “ॲम्ब्रोज, डोळे तपासून घे.”

त्यानं मला नावानं हाक मारलेली मला आवडत नाही. ती हाक तो कुणी मेलं की मारतो. मी उभा राहिलो आणि जे बोलायचं ते बोललो. की या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रदर्शनात खोटा रिव्हेट, चुकीचा रंग, उलटं चिन्ह या डोळ्यांनी पकडलंय. की मोठमोठ्या संग्रहालयांना मी चुका कळवल्यात आणि त्यांनी मुकाट्यानं दुरुस्त केल्यात. की चष्मेवाल्याच्या दारात पाय ठेवला की प्रत्येकाला आजार असतो, जसा दातकाढ्याच्या दारात प्रत्येक दात किडलेला असतो. तो सगळं ऐकत उभा राहिला. मग कोट घातला.

हेस्टर दारात होती. तिला वाटलं असेल मी त्याला थांबवीन.

११ मे, शनिवार

पंख जोडले. डावा पुन्हा खचला होता, जोडण्याआधी पुन्हा गरम पाणी दाखवलं. आता ठीक.

घराचं दारही खचतंय. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधे पोटात गेलीय. गवंडी बोलावला. त्यानं ओळंबा सोडला, वर बघितलं, खाली बघितलं.

“साहेब, हे दार तुमच्या माझ्यापेक्षा ताठ उभंय.”

मी त्याला घराच्या पायाबद्दल, दलदल बुजवून बांधलेल्या वस्त्यांबद्दल आणि आजच्या कारागिरीबद्दल दोन गोष्टी सुनावल्या. हेस्टर मधेच म्हणाली, “पुरे.” एवढंच. तो गेल्यावर ती पायरीवर बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, सोमवारी मला चष्मेवाल्याकडे जायचंय, एकटीला भीती वाटते, येशील?

मी म्हणालो, येईन की. त्यात काय.

१३ मे, सोमवार

फसवलं मला.

आधी तिची तपासणी झाली. मग ती पोरगी, जेमतेम शाळेतून सुटलेली, म्हणाली, बसलाच आहात तर तुमचंही बघू. डावा डोळा झाकायला लावून तिनं चौकटींचा कागद पुढं धरला, मुलांच्या गणिताच्या वहीसारखा. मधे एक ठिपका म्हणे. म्हणाली, ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा.

मी म्हणालो, “पहिली गोष्ट, यात ठिपका नाही. दुसरी गोष्ट, हा कागद कुणी छापला? सगळ्या रेषा मधे खचल्यात.”

पोरीनं कागद हेस्टरला दिला. हेस्टरनं तो बघितला. मग तिनं कागदावर हात ठेवला, असा, पालथा, जसं काही तिथं कुणी झोपलंय.

३० मे, गुरुवार

हेस्टरनं जाड काळा मार्कर आणून दिलाय. त्यानं लिहितो. नजर जरा बाजूला ठेवली की अक्षराचं शेपूट दिसतं.

इस्पितळातल्या डॉक्टर ओकाफोर या बाई सरळ बोलतात. मला सरळ बोलणारी माणसं आवडतात असं मी जन्मभर सांगत आलो. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, रक्त झिरपलंय. आता तिथं वण धरलाय. कडेचं दिसत राहील, मधलं नाही. वाचणं नाही, गाडी नाही, बारीक काम नाही.

मी विचारलं, काही उपाय?

“सुया देता येतात. त्यांनी पुढचं नुकसान कधी कधी थांबतं. गेलेलं परत येत नाही.” मग त्यांनी विचारलं, “सरळ रेषा वाकड्या दिसायला केव्हा लागल्या?”

मी म्हणालो, आठवत नाही.

हेस्टर म्हणाली, “मार्चमध्ये.”

“तेव्हा आला असतात तर बरंच राखता आलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

२ जून, रविवार

पंखावरून बोट फिरवलं. उजव्यावरून आधी, मग डाव्यावरून. भिंग नाही, दिवा नाही.

उजवा सरळ. डावा इंजिनापाशी वर उचललेला, मोडून चुकीच्या कोनात सांधलेल्या हातासारखा. मीच. प्रत्येक वेळी गरम पाण्यात धरून, बोटं भाजून, मीच. कंपनीनं सरळ पंख पाठवला होता. ओडलिंगची पट्टी सरळ होती. दार सरळ होतं. मी सगळ्यांना खोटं ठरवलं.

दुपारी हेस्टरनं न विचारता ओडलिंगला बोलावलं. तो समोरच्या खुर्चीत बसला. मला त्याचे कान आणि कोट दिसत होता, तोंडाच्या जागी करडं.

“मी दुसरं केलंय,” तो म्हणाला. “हेच विमान. जवळजवळ झालंय. काच काढलेली आहे, तू म्हणालास तशी. आइस्क्रीमही आहे. तुझं म्हणून ठेवू.”

“केव्हापासून करतोयस?”

“पट्टी वाकडी म्हणालास त्या आठवड्यापासून.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.”

“शंका आली.”

“आणि महिनाभर बोलला नाहीस. डॉक्टर म्हणाल्या मार्च. मार्च, ओडलिंग.”

“बोललो. एप्रिलात. तू मला घराबाहेर काढलंस.”

“एप्रिलात नव्हे. तेव्हा, त्या दिवशी.”

“भ्यालो. मी भ्यालो, हेस्टर भ्याली. तू उभा राहून बोलायला लागलास की समोरच्याला आपण चोर आहोत असं वाटतं, मास्तर. सगळ्या गावाला वाटतं.”

मी म्हणालो, हे भेकडांचं नेहमीचं समर्थन आहे, सत्य सांगायला धैर्य लागतं आणि ते ज्याचं त्यानं आणायचं असतं. अजूनही मला तेच वाटतं. पण म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी उभा राहिलोय. बसलो.

१४ जून, शुक्रवार

सुई झाली. फरक नाही. बोलावंसं वाटत नाही. बागेत बसतो. गुलाबाच्या मधोमध राख असते, पाकळ्यांच्या कडा तेवढ्या दिसतात. बघतो तिथं भोक पडतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, आणि ज्याच्याशी मला देणंघेणं नाही ते सगळं भोवती शाबूत. हेस्टरकडे बघायचं तर तिच्या खांद्यापलीकडे बघावं लागतं. ती वाचू का विचारते. नको म्हणतो.

पहाटे जाग आली की क्षणभर आठवत नाही. त्या क्षणासाठी झोपतो.

२२ जून, शनिवार

ओडलिंगचं विमान उद्या कपाटात जाणार. पाटीवर माझं नाव. गावानं ठरवलंय, हेस्टरनं मान्य केलंय, मला फक्त कळवलं.

नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या रिव्हेटवर बोट ठेवलं. माझ्या नावाखाली दुसऱ्याचं विमान ठेवून मी त्या बाईपुढे उभा राहणार नाही. तिला एकही रेष खोटी नसल्याचा शब्द दिला होता. उद्या सगळ्यांसमोर सांगणार. माझ्याजवळ एवढंच शिल्लक आहे.

२३ जून, रविवार

सभागृह भरलेलं. चहाचा आणि ओल्या कोटांचा वास. मिस डाउझला कपाटाशेजारी खुर्ची दिली होती. चर्चच्या व्हिकरबाईंनी सातही नावं वाचली, पडदा ओढला. मिस डाउझनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तिची खुर्ची सरकल्याचा. ती काचेजवळ गेली असावी.

मी उठलो.

मी म्हणालो, “हे विमान मी केलेलं नाही. क्लिफर्ड ओडलिंगनं केलंय. माझं घरी आहे, वाकडं. माझे डोळे जात होते आणि मला ते कबूल नव्हतं, म्हणून सरळ पंख मी वाकवला आणि सरळ माणसांना वाकडं म्हटलं. पाटीवरचं नाव खोटं आहे.”

शांतता पसरली. आयुष्यात मी मिळवलेली सर्वांत खोल शांतता. मी पुढं बोलणार होतो, सत्याबद्दल, गोठल्या पापण्यांबद्दल. तेवढ्यात ओडलिंगचा आवाज आला.

“मंडळी, मास्तरचं ऐकू नका. माझ्या हातात सूपचा चमचा धरवत नाही. गेल्या वर्षी मी केलेलं विमान आणलं तेव्हा तुम्हीच विचारलंत ना, हे बदक कुणाचं?”

लोक हसले. मागून कुणी तरी म्हणालं, “लेगॉट आणि विनय एका खोलीत! नोंद करून ठेवा.” आणखी हसले. मग टाळ्या सुरू झाल्या. मी हात वर केला, ऐका म्हणालो, पुन्हा म्हणालो. जितकं म्हणालो तितक्या टाळ्या वाढल्या. या सभागृहात मी गावाला काय काय पटवलं होतं, आणि जे खरं होतं तेवढंच पटवता आलं नाही. हेस्टरनं कोपर धरून खाली बसवलं.

घरी ओडलिंगनं सोडलं. हेस्टर मागं बसली होती. चर्च मागं पडेपर्यंत मी थांबलो.

“का केलंस?”

“कारण दिवस तिचा होता.”

“मी तिला सत्य सांगत होतो.”

“तू आम्हाला तुझ्याबद्दल सांगत होतास.” ओडलिंगनं गाडी हळू केली. “ती तुला काही विचारत होती, मास्तर. तू बोलत असताना. काचेला नाक लावून, दोनदा. लेन पाय कुठं ठेवायचा, म्हणून.”

मला ऐकू आलं नव्हतं.

“तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? मी तुझी नक्कल केलीय, मला आतलं काय माहीत. ते तुला माहीत होतं.”



२४ जून, सोमवार

हेस्टरचा हात धरून चर्चच्या मागं गेलो. मिस डाउझ दारातच होती. मी सांगितलं, तुम्ही काल विचारलंत.

तिनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. मी खुर्चीत बसून दाखवलं. गुडघे असे, जवळजवळ पोटाशी. पाय अरुंद आधारांवर, मधे हालचालीला जागा नाही. हात पुढं, मशीनगनच्या मुठींवर. पाठीमागं लगेच दोन सरकती दारं. कपड्यांत विजेच्या तारा, थंडीसाठी. तोंड मागं, जिथून आलो त्या दिशेला. तिनं तिची खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि तशीच बसली, गुडघे जवळ घेऊन. मला तिचे हात दिसत होते, मुठी वळलेल्या.

“असा?”

“जरा वाका. हं. असा.”

ती तशी बराच वेळ बसून राहिली.

“आणि हवाई छत्री? पाठीवरच असणार ना?”

ती पाठीवर मावत नसे. ती दारांच्या पलीकडे, विमानाच्या धडात टांगलेली असे. तिच्यापर्यंत पोचायला आधी कुपी फिरवून बरोबर मधोमध आणावी लागे, मग दारं सरकवायची, मग मागं हात घालायचा, अंधारात. आणि इंजिनं बंद पडली की कुपी यंत्रानं फिरत नसे. हातानं फिरवावी लागे.

“पाठीशीच,” मी म्हणालो.

“म्हणजे हाताशी.”

मी मान हलवली. हेस्टरची बोटं माझ्या दंडावर घट्ट झाली. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडून असं खोटं ऐकलं नव्हतं.

मिस डाउझ उठली आणि किटली ठेवायला गेली.